तुमची बारी

एप्रिल उतरणीला लागलाय. साक्री तालुक्यात पांझरेच्या एका जुन्या बंधाऱ्यावर तुम्ही पाय खाली सोडून बसला आहात. भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. दुपारचं ऊन अजून तिच्यात मुरलेलं आहे, बसल्या जागी चटका बसतो. नदीत पाणी नाही. डबक्याच्या काठाला शेवाळ वाळून पापडासारखं सुटलंय.

खिशात मोबाइल आहे आणि तुमची विहीर त्या मोबाइलमध्ये आहे. नंबर लावला की स्टार्टर उचलतो, मोटार सुरू होते. आज थ्री-फेज रात्री बाराला येणार. विहीर साठ फुटांची, तळाशी आडवे बोअर मारलेले, तरी तासाभरात मोटार हवा ओढायला लागते. शेजारच्या वावरातली मोटार आधी लागली, तर तो तासही तुमचा नाही. म्हणून बाराच्या ठोक्याला बटण दाबायचं, हे तुम्ही ठरवूनच आलात. शेजाऱ्यानंही तेच ठरवलं असणार.

वेळ बघायला तुम्ही मोबाइल काढता. रेंज गेलीय. दुसऱ्या क्षणी हातात मोबाइलच नाही. बुडाखालचा दगड गार लागतो, मग ओला. तळपायाला थंड काहीतरी टेकतं.

पाणी.

आखाजी, 1840

भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं आहे आणि एका टोकाला, कालव्याच्या तोंडातून, ते मुकाट्यानं आत शिरतंय. वैशाख आहे, तरी नदीची धार तुटलेली नाही. आता कळतं की भिंत नदीला तिरकी का घातलीय. धरणासारखं पाणी कोंडायचं हे तिचं काम नाही. धार वळवायची, कालव्याच्या तोंडी द्यायची आणि उरलेली अंगावरून खालच्या गावाच्या बंधाऱ्याला सोडायची, एवढंच. खाली दुसरा बंधारा, त्याच्याखाली तिसरा. एकाच्या शेतात जिरलेलं पाणी पाझरून पुन्हा नदीत येतं आणि खालच्याच्या कालव्यात लागतं.

तुमच्या अंगात बाराबंदी आहे, डोक्याला पागोटं. गावाचं नाव विचारू नका. भाडणे, सामोडे किंवा पांझरेकाठचं कुठलंही गाव समजा. लिंबाच्या फांद्यांना झोके बांधलेत, माहेराला आलेल्या पोरी गाणी म्हणतायत. घरात पितरांची घागर भरली आहे. नवं मडकं, त्यात नदीचं पाणी, तोंडावर पिवळं डांगर, शेजारी सांजोऱ्या आणि आंब्याचा रस. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात मेलेल्यांनाही पाण्याचा वाटा काढून ठेवतात. जिवंतांची वाटणी तिकडे पारावर चालली आहे.

सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं, तसंच पाण्यावरच्या माणसांचंही. पाटकरी आज नेमायचे आहेत. त्यांनी पाणी द्यायचं. जागले नेमायचे आहेत. त्यांनी उभ्या पिकाची राखण करायची. सगळ्यांवर हवालदार. मोबदला पैशात नाही, काढणीच्या वेळी प्रत्येक वावरातून पेंढ्या मिळतील. पीक बुडालं तर पाटकऱ्याच्या पेंढ्याही बुडाल्या, म्हणून त्याचं लक्ष कुणा एकाच्या वावरापेक्षा अख्ख्या फडावर, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या सगळ्या तुकड्यावर, असतं.

एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ऐकतोय. 1803 च्या दुष्काळात तो पोरगा होता. होळकरांच्या फौजा फिरल्या, धान्य गेलं, माणसं गेली, गावं ओस पडली. 1818 मध्ये कंपनी सरकारचा अंमल आला, कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात बसला, मग हळूहळू लोक परतले. बंधारा कुणी बांधला, असं तुम्ही त्याला विचारता. तो थाळनेर-बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांचं नाव घेतो, ज्यांचं राज्य 1382 ते 1601 असं जवळपास सव्वादोनशे वर्षं टिकलं. दुसरा म्हणतो, छे, त्याहून जुना. तिसरा म्हणतो, अलीकडचा. बंधारा बांधताना कुणी पाहिलेला नाही. कालव्याचा गाळ कुणी किती काढायचा, हे मात्र पारावरच्या सगळ्यांना तोंडपाठ आहे.

पुढच्या आठवड्यात तुम्हीही घमेल्याऐवजी वेताची पाटी घेऊन कालव्यात उतरता. कुणाचा कालवा दोन किलोमीटरचा असतो, कुणाचा बारा. तुमचा मधला आहे. ज्याचं जितकं वावर भिजतं, तितका गाळ त्यानं काढायचा. पाटील सावलीत बसून माणसं पाठवू शकतो, हिश्शातून सुटू शकत नाही.

दसऱ्यानंतर

पाऊस ओढून गेला. नदीची धार पोटरीच्या वर येत नाही. पुन्हा पार, पुन्हा तीच माणसं, आवाज मात्र चढलेले.

तुमच्या गावाची भिजणारी जमीन कालवा आणि नदी यांच्यामध्ये पसरलेली आहे आणि तिचे चार तुकडे आहेत. त्या तुकड्याला म्हणतात फड. एखादं गाव लहान असेल तर फड आजच्या मापानं दहा हेक्टरांचा, मोठं असेल तर दोनशेचा. कालव्यातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून सारंग, सारंगातून पाणी वावरात. एका फडात एकच पीक. एकात ऊस असेल तर सगळा ऊस, एकात गहू असेल तर सगळा गहू. सगळ्या फडाला एकाच वेळी तहान लागते, एकाच वेळी भागते. गव्हाच्या मधोमध कुणी उसाचा तुकडा लावून दर आठ दिवसांनी पाणी मागत नाही, आणि एका वावरासाठी कोरड्या चारीतून लांबवर पाणी नेताना अर्धं वाटेत जिरत नाही. ऊस दर सालाला फड बदलतो, म्हणजे जमीनही थकत नाही.

यंदा मात्र चारही फडांना पुरेल इतकं पाणी नाही. एक कोरडा ठेवावा लागणार.

“तिसरा,” हवालदार म्हणतो.

तुमच्या पोटात गोळा येतो. तिसऱ्या फडातली तुमची पट्टी म्हणजे तुमची सगळ्यात काळी, सगळ्यात खोल जमीन. तुम्ही उठता, काहीतरी बोलणार, तेवढ्यात तुमचं लक्ष पाटलाकडे जातं. त्याचाही चेहरा पडलाय. त्याचीही पट्टी तिसऱ्यात आहे. त्याच्या मागं बसलेल्या गरीब कुणब्याचीही आहे. इथं जवळजवळ प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात आहे. अरुंद लांब पट्ट्या, चारीला डोकं टेकवून निजलेल्या. या पट्ट्यांना तुम्ही आजवर कंटाळत आलात. एका वावरातून दुसऱ्यात बैल नेता नेता सकाळ जाते. आज कळतं की त्या पट्ट्यांनी तुम्हाला काय दिलंय. तिसरा फड कोरडा राहिला तर चाळीस घरांचं थोडं थोडं नुकसान होईल, दहा घरांचा सत्यानाश होणार नाही. आणि जे तीन फड भिजणार आहेत, त्यांत तुम्हीही आहात.

पाणी भरपूर असतं तेव्हा ते वाटायला अक्कल लागत नाही. या गावानं जे वाटायला शिकून घेतलंय, ती तूट आहे. ज्यानं निर्णय घेतला, त्याच्याही ताटातून घास कमी झाला पाहिजे, ही त्यातली अट. ती कागदावर कुठंच लिहिलेली नाही. ती जमिनीवर पट्ट्यांनी आखलेली आहे.

तुम्ही खाली बसता.

पौषातली रात्र

थंडी अशी की दात वाजतात. गहू ओंबीला आलाय. दुसऱ्या फडातलं तुमचं वावर तुम्ही संध्याकाळी बघून आलात, पातं दुमडायला लागलंय. शेजारच्या सारंगात पाणी वाहताना ऐकू येतंय. तुमच्या वावरापासून ते चार हातांवर आहे. मध्ये फक्त मातीचा बांध.

तुम्ही वाकता. हातानं माती उकरता. ओली माती, लगेच सुटते. दोन ओंजळी काढल्या की पाणी आपोआप वळेल.

“कोन शे रे?”

खांद्यावर फावडं, दुसऱ्या हातात चूड. पाटकरी. चुडीच्या उजेडात तो आधी तुमच्या हातांकडे बघतो, मग तोंडाकडे. रागावत नाही. चूड बांधावर खोचतो, तुम्ही काढलेल्या दोन ओंजळी उचलून जागच्या जागी दाबतो, फावड्याच्या पाठीनं थोपटतो.

“वावर तुनं शे, भाऊ. पानी गावनं शे.”

तुम्ही म्हणता, माझ्याच वावराला तर देतोय. तो हसतो. या पद्धतीत मालकानं आपल्या वावराला हात लावून पाणी द्यायचंच नसतं. अख्ख्या फडाला पाणी पाटकरीच देतो, पाटलाच्या पट्टीला आणि तुमच्याही. ज्याला सगळ्यांत जास्त तहान लागलीय, त्याच्या हातात फावडं द्यायचं नाही, हे शहाणपण कुणीतरी फार आधी ओळखलं असावं. तुमची बारी कधी, हे तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. ती पुढे-मागे होणार नाही.

“बैस,” तो खुणेनं सांगतो, आणि तुम्ही बांधावर बसून त्याचं काम बघता.

सारंगाचं तोंड तो फावड्याच्या एका घावात फोडतो. पाणी वाफ्यात शिरतं, आधी भेगांत जातं, बुडबुडे सोडत. तो पाण्याकडे बघतच नाही, कान देऊन ऐकतो. भेगा भरल्या की आवाज बदलतो, खळखळ थांबून सुळसुळ होते. तेव्हा तो वाफ्याच्या टोकाला जातो. पाणी टोकाला पोचायला दोन पावलं उरलेली असताना वरचं तोंड मातीनं बंद करतो. त्या दोन पावलांपुरतं पाणी आधीच आत आहे, ते आपलं आपण पोचेल. पोचेपर्यंत थांबला असता, तर पुढच्याच्या वाट्यातून पसाभर गेलं असतं. तो पसा तो वाचवतो, वाफ्यामागून वाफा, रात्रभर.

शेवटी तो तुम्हाला फडाच्या खालच्या अंगाला नेतो. इथं सांडम आहे. कालव्यात पाणी जास्त झालं किंवा वरून पाऊस आला, तर ते या वाटेनं नदीत परत जातं. फडात साचून मुळं कुजवत नाही, जमीन चोपण करत नाही. पाणी आणण्याइतकंच त्याला परत जायला रस्ता ठेवणं, हाही पाटकऱ्याच्या कामाचा भाग आहे.

परत गेलेलं पाणी

सांडमावर तुम्ही लिंबाचं एक पान सोडता आणि त्याच्यामागं निघता.

पांझरा सह्याद्रीत उगवते. समुद्र तिच्या पाठीमागं, पण ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला धुळ्याकडे येते, मग उत्तरेला वळते आणि मुडावदला कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीला मिळते. तापी तिला घेऊन पुन्हा पश्चिमेला वळते आणि सुरतेच्या खाली समुद्राला जाते. एवढा वळसा घेऊन पान खाडीच्या गाळात येऊन थांबतं. इथं जमीन नदीहून उंच नाही, भरती आली की खारं पाणी आत येतं.

सखल किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याचं दुखणं वेगळं वाटतं. त्याला पाणी कमी नाही, नको ते पाणी जास्त आहे. किनाऱ्यानं खाली गोव्यात गेलात की खाजणं दिसतात. आजही तिथं सुमारे 18 हजार हेक्टर खाजण जमीन मोजतात. मातीचे बांध घालून खाडीकडून सोडवलेली ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. बांधात लाकडी दारांचं मानस. भरतीचं पाणी दार ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तेच दार उघडून बाहेर जातं. आत खारं सोसणारा कोरगूट भात. बांधाला एका जागी खेकड्यानं भोक पाडलं आणि कुणी बुजवलं नाही, तर त्या एकाचं नव्हे, सगळ्या गावाचं शेत खारवतं. म्हणून बांध गावकरीचा असतो, एकट्याचा नसतो. खानदेशात गोडं पाणी आत आणायचं आणि गोव्यात खारं पाणी बाहेर ठेवायचं, पण राखण दोन्हीकडे सारखीच.

समुद्र ओलांडून पार स्पेनमध्ये गेलात, तर व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाटाची न्यायसभा भरते. आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच, तक्रार तोंडी, निकाल तोंडी, तिथल्या तिथं. 2009 मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीचा वारसा म्हटलं. तुमच्या पाराला असं कुणी काही म्हटलेलं नाही.

सप्टेंबर 1872 आणि पुढे

परत येता तेव्हा नदी ओळखू येत नाही. पांझरा आणि गिरणा दोघींना एकदम पूर आलाय. बंधारा दिसतच नाही, फक्त त्याच्या जागी पाण्याला एक कुबड आलेलं दिसतं. खाली धुळ्यात घरंच्या घरं वाहून चालली आहेत. पूर ओसरल्यावर बंधारा तसाच उभा. त्यानं पाणी अडवायचा हट्ट कधी धरलाच नव्हता.

मग वर्षं भराभर जातात. 1879 मध्ये मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा येतो, नदीच्या पाण्यावर सरकारची मोहोर बसते. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होतात, पुढे जळगाव आणि धुळे. 1947 मध्ये जमिनीचे तुकडे पाडायला बंदी घालणारा आणि पट्ट्या एकत्र करणारा कायदा येतो. कायद्याच्या चश्म्यातून तुमच्या चार फडांतल्या चार पट्ट्या हा दोष आहे. त्यानं बरोबर पाहिलं, बैलाची पायपीट खरीच होती. त्याला तो कोरडा तिसरा फड तेवढा दिसला नाही.

1972. पाऊस गेलाय, तुम्ही रस्त्यावर खडी फोडताय, पोरं सुकडी खातायत. त्याच दुष्काळातून तिकडे पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे पाणी पंचायतीचा विचार घेऊन उठतात. पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नको. तुम्हाला पाटकऱ्याची चूड आठवते. इकडे मात्र विहिरी खोल जातायत, खांबावरून तारा येतायत. वरच्या अंगाला धरणं होतात, नदीची उन्हाळी धार तुटते. ज्याच्याकडे मोटार आहे, त्याला पाराची गरज उरत नाही. आणि पाराची गरज नसलेली चार घरं झाली की उरलेल्यांचाही पार मोडतो. काही गावांत फड तगून राहतो, बराचसा आठवणीत जातो.

असं नाही की मधल्या काळात खानदेश हात बांधून बसला. जळगावात भवरलाल जैन यांनी ठिबकची नळी घरोघरी पोचवली, रावेर-यावलच्या केळीला थेंबाथेंबानं पाणी मिळू लागलं. शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून, सिमेंटचे बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवलं. साक्रीतल्याच बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं आणि आटलेलं पाणी परत आणलं. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. नळीनं वाफ्यात पाणी वाचतं, बंधाऱ्यानं विहिरीत चढतं. पण वाचलेल्या, चढलेल्या पाण्याचं पुढे काय करायचं, हे नळी सांगत नाही. वाचलं म्हणून आणखी दोन एकर केळी लावली, तर विहीर पुन्हा होती तिथंच. 2005 मध्ये राज्यानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला, पाणीवापर संस्था आल्या. म्हणजे पाराला आता नोंदणी क्रमांक आहे. यंदा कोरडा कोणता फड ठेवायचा आणि त्यात पाटलाची पट्टी आहे का, हा प्रश्न मात्र प्रत्येक गावानं स्वतःच स्वतःला विचारायचा असतो. बारीपाड्यानं तो जंगलाबाबत विचारला. बहुतेक गावं विहिरींबाबत विचारत नाहीत, कारण विहीर ज्याच्या वावरात, त्याची समजली जाते. खालचं पाणी कुणाच्या बांधाशी थांबत नाही, हे माहीत असूनही.

आज, रात्रीचे पावणेबारा

बुडाखालचा दगड पुन्हा कोमट आहे. नदी कोरडी. हातात मोबाइल, रेंज दोन काड्या.

पंधरा मिनिटांत लाइट येईल. अंगठा त्या नंबरावर ठेवलेलाच आहे. तुम्हाला जाणवतं की आता तुम्हीच मालक आहात, तुम्हीच पाटकरी, आणि हवालदारही तुम्हीच. जागल्या तेवढा कुणीच नाही. बांधापलीकडे, शंभर पावलांवर, शेजाऱ्याचा अंगठाही असाच कुठल्यातरी नंबरावर असणार. दोन विहिरी, खाली झरा एकच.

“कोन शे रे?” असं विचारणारं कुणी येणार नाही.

तुम्ही मोटारीच्या नंबरावरून अंगठा उचलता आणि शेजाऱ्याचा नंबर लावता. दोन रिंगा जातात. पलीकडून जड आवाज येतो, तोही जागाच असल्याचा.

“बोल, भाऊ.”

“ऐक ना,” तुम्ही म्हणता, “आज तुझी बारी की माझी?”

पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही. लांबवर, डीपीच्या खांबाकडे, एक दिवा लागतो. लाइट आलीय. दोन्ही मोटारी अजून बंद आहेत.